जुन्या संगणकाचे नूतनीकरण : मदरबोर्ड व प्रोसेसर बदलण्यापूर्वी

ग्रामपंचायतीचे कार्यालय, माध्यमिक शाळेची संगणक प्रयोगशाळा किंवा तालुक्याच्या ठिकाणची कचेरी, यांपैकी कोठेही गेले तरी २०१२ ते २०१५ च्या सुमारास खरेदी केलेले डेस्कटॉप संगणक अद्याप कामात असलेले आढळतात. जन्म-मृत्यूच्या नोंदी, कर आकारणीच्या याद्या, विद्यार्थ्यांची माहिती, वेतन देयके अशी दैनंदिन कामे या यंत्रांवर होत आली आहेत. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीस दिला जाणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. प्रणालीतील सुरक्षेच्या उणिवा बुजविणारी विनामूल्य सुधारणा नेहमीच्या पद्धतीने मिळणे त्या दिवसापासून थांबले. संस्थांना शुल्क भरून ही मुदत टप्प्याटप्प्याने ऑक्टोबर २०२८ पर्यंत वाढवून घेता येते; परंतु ती सवलत म्हणजे तात्पुरती सोय होय.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ ची अट अशी की, प्रोसेसर काही अपवाद वगळता इंटेलच्या आठव्या पिढीतील किंवा त्यानंतरचा, अथवा एएमडीच्या रायझेन २००० मालिकेतील किंवा त्यानंतरचा असावा. किमान ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण असावी. आणि यंत्रात टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक असावा. इंटेलची आठवी पिढी २०१७ मध्ये बाजारात आली. म्हणजे त्यापूर्वीचा जवळपास प्रत्येक संगणक, तो कितीही नीट चालत असला तरी, या अटीत बसत नाही. अशा वेळी "मदरबोर्ड आणि प्रोसेसर तेवढा बदलून घ्या, बाकी संगणक उत्तम आहे" असा सल्ला कार्यालयांना दिला जातो. हा सल्ला चुकीचा असतो असे नाही; तो अपुरा असतो. या दोन वस्तूंबरोबर आणखी काय बदलावे लागते, काय टिकते आणि काय नकळत हातचे जाते, हे समजून घेतल्याखेरीज त्यावर सार्वजनिक पैसा खर्च करणे योग्य ठरणार नाही.

एकमेकांत गुंतलेले भाग

कॅबिनेटच्या आत, तळाशी किंवा बाजूस बसविलेली मोठी छापील परिपथाची पाटी म्हणजे मदरबोर्ड. तिचे काम एस. टी. स्थानकासारखे आहे. गाड्या तेथे तयार होत नाहीत, पण प्रत्येक गाडीला तेथूनच जावे लागते. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, कळफलक, पडदा आणि छपाईयंत्र यांच्यातील सर्व देवाणघेवाण या पाटीवरून होते. प्रोसेसर हा आज्ञा पार पाडणारा घटक. तो पाटीवरील सॉकेट नावाच्या चौकोनी बैठकीत बसतो.

डेस्कटॉप संगणकाचे भाग सुटे बदलता येतात, यामागे थोडा इतिहास आहे. १९८१ च्या ऑगस्ट महिन्यात आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याच्या परिपथाच्या आकृत्यांसह तांत्रिक माहितीपुस्तिकाही उपलब्ध करून दिली. त्यामुळे इतर कारखानदारांना त्याच्याशी जुळणारे भाग व पुढे जुळणारे संपूर्ण संगणक तयार करता आले. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मापमान प्रसिद्ध केले. बोर्डाचा आकार, स्क्रूच्या छिद्रांच्या जागा, वीजपुरवठ्याची जोडणी, हे सर्व त्यात ठरवून दिलेले आहे. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा व मायक्रो-एटीएक्स २४४ मिलिमीटर चौरस असतो. या मापांमुळे १५ वर्षांपूर्वीच्या साध्या कॅबिनेटमध्ये आजचा बोर्ड बसतो.

कॅबिनेटच्या बाबतीत असलेली ही स्थिरता सॉकेटच्या बाबतीत मात्र नाही. इंटेलने २००९ मध्ये ११५६, २०११ मध्ये ११५५, २०१३ मध्ये ११५०, २०१५ मध्ये ११५१, २०२० मध्ये १२०० आणि २०२१ मध्ये १७०० संपर्कबिंदूंचे सॉकेट आणले. ११५६ आणि ११५५ यांत एका बिंदूचा फरक असला तरी एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात चालत नाही. त्याहून फसवी गोष्ट ११५१ ची आहे. सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर व आठव्या-नवव्या पिढीचे प्रोसेसर यांची बैठक दिसावयास एकच, बिंदूंची संख्याही एकच. परंतु पहिल्यांसाठी केलेल्या बोर्डावर दुसरे चालविण्यास कंपनीची मान्यता नाही. एएमडीने याउलट एएम४ हे सॉकेट २०१६-१७ पासून अनेक वर्षे चालू ठेवले, म्हणून त्या बोर्डांच्या मालकांना केवळ प्रोसेसर बदलून भागविता आले. इंटेलच्या २०१२ मधील यंत्राच्या मालकाला ती सोय नाही. त्याने प्रोसेसर बदलावयाचा म्हटले की बोर्ड बदलणे आले.

आणि बोर्ड बदलला की रॅमही बदलणे आले. त्या काळातील रॅम डीडीआर३ प्रकारची आहे. तिच्या पट्टीला २४० संपर्क असतात व ती सामान्यतः १.५ व्होल्टवर चालते. डीडीआर४ ला २८८ संपर्क व १.२ व्होल्ट लागतात. डीडीआर५ लाही २८८ च संपर्क आहेत, पण पट्टीवरील खाच निराळ्या जागी असल्याने ती डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये शिरत नाही. खाच वेगळी ठेवण्याचा हेतूच चुकीची पट्टी बसू नये हा आहे. म्हणून पट्टी सहज बसत नसेल तर जोर लावणे हा उपाय नव्हे.

पंख्याचेही तसेच. इंटेलच्या ११५६ पासून १२०० पर्यंतच्या सॉकेटभोवती पंखा बसविण्याची छिद्रे एकमेकांपासून ७५ मिलिमीटरवर होती, ती १७०० च्या सॉकेटसाठी ७८ मिलिमीटरवर गेली. तीन मिलिमीटरचा हा फरक जुना पंखा निरुपयोगी करण्यास पुरेसा आहे.

दोष नेमका कोठे आहे

यंत्र संथ चालते, या एका तक्रारीवरून मदरबोर्ड व प्रोसेसर बदलण्याचे ठरविणे घाईचे होय. जुन्या संगणकाच्या मंदपणाचे सर्वांत सामान्य कारण त्याची फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क हे असते. तिच्यातील वाचनशीर्षाला इच्छित जागी पोहोचण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात. एसएसडी या चकतीविरहित साठवणीस त्याच कामासाठी मिलिसेकंदाचा एक दशांशही लागत नाही. प्रणाली सुरू होताना अशी हजारो वाचने होत असल्यामुळे केवळ एसएसडी बसविल्याने व रॅम ४ जीबीवरून ८ जीबी केल्याने तोच जुना प्रोसेसर कार्यालयीन कामाला पुरेसा वाटू लागतो. साटा जोडणीची एसएसडी जुन्या बोर्डावर चालते आणि पुढे बोर्ड बदलला तरी नव्यावरही चालते. म्हणजे या खर्चाचा कोणताही भाग वाया जात नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत २० यंत्रे असतील तर प्रथम एका यंत्रावर हा प्रयोग करून पाहणे केव्हाही इष्ट.

यंत्र सुरूच होत नसेल तर गोष्ट वेगळी. पण तेथेही प्रथम संशय एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठा करणाऱ्या पेटीचा, घ्यावा. ओळखीचा चांगला एसएमपीएस तात्पुरता जोडून पाहिला म्हणजे अर्ध्या तासात निर्णय लागतो. त्यानंतर रॅमच्या पट्ट्या काढून, संपर्क स्वच्छ करून, एकेक पट्टी लावून पाहावी. बोर्डावरील नाण्याच्या आकाराचा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा सेल संपला असेल तर दिनांक व वेळ प्रत्येक वेळी मागे जाते. अशा यंत्रावर बँकेची किंवा शासनाची संकेतस्थळे सुरक्षेचा इशारा देऊन उघडत नाहीत आणि दोष इंटरनेटचा समजला जातो. किरकोळ किमतीच्या सेलपायी यंत्र नादुरुस्त ठरण्याची वेळ येऊ नये.

बोर्ड खराब झाल्याची काही चिन्हे डोळ्यांना दिसतात. प्रोसेसरच्या आसपास उभे असलेले लहान दंडगोल, म्हणजे कॅपॅसिटर, यांचा माथा सपाट असावयास हवा. तो फुगलेला असेल किंवा त्यातून तपकिरी द्रव पाझरला असेल तर बोर्डाचे आयुष्य संपत आले आहे असे समजावे. कोकणातील दमट हवा, माळावरची धूळ आणि विजेचा चढउतार ही तिन्ही कारणे आपल्याकडे या ऱ्हासास हातभार लावतात. त्यातच पुष्कळ इमारतींत अर्थिंगची जोडणी नसते किंवा तीन पिनांच्या प्लगाची जाड पिन मोडलेली असते. अर्थिंग दुरुस्त न करता नवा बोर्ड बसविणे म्हणजे त्यालाही त्याच वाटेने पाठविणे होय.

बोर्ड गेला आहे पण प्रोसेसर व रॅम शाबूत आहेत, असे निष्पन्न झाल्यास एक स्वस्त मार्ग उरतो. जुन्या सॉकेटचे बोर्ड, विशेषतः ११५५ सॉकेटचे, लहान उत्पादकांकडून किंवा वापरलेल्या स्थितीत बाजारात मिळू शकतात. असा बोर्ड घेतल्यास जुना प्रोसेसर व रॅम तशीच चालते. यंत्र पुन्हा उभे राहते. मात्र ते जुन्या पिढीचेच राहते आणि विंडोज ११ च्या अटीत येत नाही.

हिशेबात न धरलेली रक्कम

नव्या पिढीकडे जावयाचे असे ठरल्यास खर्चाची यादी प्रामाणिकपणे मांडावी. उदाहरणार्थ, तिसऱ्या पिढीतील कोअर आय३-३२२० हा २०१२ मधील दोन गाभ्यांचा प्रोसेसर काढून त्याजागी २०२२ च्या जानेवारीत आलेला, चार गाभ्यांचा कोअर आय३-१२१०० बसवावयाचा आहे असे धरू. प्रोसेसरच्या क्रमांकावरून त्याची पिढी ओळखता येते. ३२२० मधील पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, १२१०० मधील पहिले दोन अंक म्हणजे बारावी. या बदलासाठी १७०० सॉकेटचा बोर्ड लागेल. एच६१० या साध्या मालिकेतील बोर्ड कार्यालयाला पुरतो. त्यावर डीडीआर४ घेणारे व डीडीआर५ घेणारे असे दोन्ही प्रकार आहेत, तेव्हा बोर्ड व रॅम एकाच मागणीत, जुळवून घ्यावी. नवी रॅम, नवी एसएसडी, प्रोसेसरसोबत न आल्यास पंखा, आणि बहुधा नवा एसएमपीएस. जुन्या संगणकातील काय टिकले? कॅबिनेट, पडदा, कळफलक, माउस व यूपीएस. ज्या वस्तूंना आपण 'संगणक' म्हणत होतो त्यांपैकी आतले जवळजवळ सर्व नवे झाले.

रॅमच्या किमतींबाबतही सावध असावे. २०२५ च्या उत्तरार्धात माहिती-केंद्रांच्या मागणीमुळे रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. जुन्या दरपत्रकावर विसंबून केलेला प्रस्ताव अशा वेळी मंजूर होईपर्यंत अपुरा पडतो.

याहून मोठी बाब विंडोजच्या परवान्याची आहे आणि तीच बहुधा विसरली जाते. यंत्रासोबत आलेला परवाना हा त्या यंत्राच्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो. कंपनीच्या नियमानुसार बोर्ड सदोष झाल्याने त्याच निर्मात्याचा तसाच किंवा समकक्ष बोर्ड बसविला तर परवाना पुढे चालतो. केवळ सुधारणा म्हणून नवा बोर्ड बसविल्यास ते नवे यंत्र मानले जाते आणि नवा परवाना घ्यावा लागतो. स्वतंत्रपणे विकत घेतलेला, पेटीबंद स्वरूपाचा परवाना मात्र एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. अनधिकृत प्रत बसवून देणारे तंत्रज्ञ याबाबत काही बोलत नाहीत. लेखापरीक्षणात किंवा सुरक्षेच्या तपासणीत उत्तर द्यावे लागते ते कार्यालयप्रमुखाला. सुटे भाग, नवा परवाना आणि मजुरी यांची बेरीज करून ती, परवान्यासह व तीन वर्षांच्या जागेवरील हमीसह मिळणाऱ्या नव्या संगणकाच्या दरापुढे ठेवली म्हणजे काही वेळा नूतनीकरणाचा फायदा नाहीसा झालेला दिसतो. ही तुलना प्रस्तावातच लिहून ठेवावी.

परवान्याचा प्रश्न ज्या मार्गाने उद्भवतच नाही तो मार्ग लिनक्सचा. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय भाषांना अनुकूल प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे आणि याशिवाय इतरही मुक्त प्रणाली विनामूल्य मिळतात. विद्यार्थ्यांना टंकलेखन, गणिती तक्ते, चित्रे, आज्ञावली-लेखन शिकविणाऱ्या शाळेला त्यांपैकी एखादी पुरेशी आहे. विशेष म्हणजे ती जुन्या बोर्डावरही समाधानकारक चालते, म्हणजे तेथे बोर्ड बदलण्याचे कारणच उरत नाही. ज्या कार्यालयात डिजिटल स्वाक्षरीची किंवा विशिष्ट विभागाची आज्ञावली केवळ विंडोजवर चालते, तेथे मात्र हा पर्याय प्रथम तपासून मगच स्वीकारावा.

एक मार्ग मुळीच स्वीकारू नये. प्रोसेसरची अट चुकवून जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढविण्याच्या युक्त्या प्रचारात आहेत. अशा यंत्राला सुरक्षेच्या सुधारणा मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. घरगुती यंत्राच्या बाबतीत तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. नागरिकांची माहिती असलेल्या यंत्रावर तसे करण्यास समर्थन नाही.

आणखी एका प्रकारच्या यंत्रांबाबत आशा न धरलेली बरी. नामांकित कंपन्यांनी तयार केलेल्या अनेक लहान आकाराच्या संगणकांत बोर्डाचा आकार, वीजजोडणीच्या पिना व समोरच्या बटणाची वायर त्या त्या कंपनीच्या स्वतंत्र मापाची असते. एटीएक्स मापाचा बोर्ड त्यांत बसत नाही. कॅबिनेट उघडून बोर्डाच्या मुख्य वीजजोडणीला २४ पिना आहेत काय हे पाहणे ही सोपी कसोटी आहे. नसतील, तर त्या यंत्रात नव्या पिढीचा बोर्ड घालण्याचा विचार सोडून द्यावा.

माहितीची राखण

बोर्ड हा बदलता येण्याजोगा आहे. त्या यंत्रावरील १० वर्षांच्या नोंदी तशा नाहीत. स्क्रू ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी सर्व माहितीची प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी, ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी, आणि मगच पुढे जावे. प्रत घेतली पण ती उघडत नाही, असा अनुभव काम बिघडल्यावर येणे फार महाग पडते.

ज्या यंत्रात बिटलॉकर या सोयीने डिस्क कुलूपबंद केलेली असते, तेथे विशेष दक्षता हवी. कुलपाची किल्ली जुन्या बोर्डावरील टीपीएममध्ये असू शकते. बोर्ड काढला की यंत्र ४८ अंकी पुनःप्राप्ती-क्रमांक मागते. तो नसेल तर डिस्क समोर असूनही आतील माहिती कायमची गेली असे समजावे. तेव्हा हा क्रमांक आधी कागदावर उतरवून घ्यावा, किंवा बोर्ड बदलण्यापूर्वी कुलूप पूर्णपणे काढून टाकावे.

मराठी कार्यालयांपुढे आणखी एक अडचण आहे, जिचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत सापडणार नाही. युनिकोडचा वापर सर्वत्र रूढ होण्यापूर्वी टंकलिखित केलेले ठराव, इतिवृत्ते व याद्या निरनिराळ्या अक्षरसंचांत आहेत. त्या अक्षरसंचाची फाइल नव्या यंत्रावर नसेल तर मराठी मजकुराऐवजी अर्थहीन रोमन चिन्हे दिसतात. घाबरलेला लिपिक फाइल बिघडली असे समजून ती पुसून टाकण्याचा संभव असतो. म्हणून प्रत घेताना दस्तऐवजांबरोबर जुन्या यंत्रातील अक्षरसंचांचा संपूर्ण फोल्डरही घ्यावा. काही जुन्या मराठी आज्ञावलींना संगणकाच्या मागे लावावयाचे डोंगल लागे. ते छपाईयंत्राच्या जुन्या, रुंद समांतर पोर्टवर लावण्याचे असेल तर नव्या बोर्डावर असा पोर्ट आहे काय हे खरेदीपूर्वी पाहावे. तोच प्रश्न जुन्या डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्राचा. शक्य असेल तेथे जुना मजकूर या निमित्ताने युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

पडद्याच्या जोडणीबाबतही असेच. जुन्या पडद्यांना बहुधा निळ्या रंगाची व्हीजीए जोडणीच असते. एच६१० मालिकेतील पुष्कळ बोर्डांवर ती आहे, सर्वांवर नाही. आणि प्रोसेसरच्या क्रमांकापुढे 'एफ' हे अक्षर असेल तर त्यात चित्र दाखविण्याची सोय नसते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो. एफ अक्षराचा प्रोसेसर थोडा स्वस्त असल्याने निम्नतम दराच्या निविदेत तो येण्याची शक्यता असते.

प्रत्यक्ष काम

अनुभवी तंत्रज्ञाला हे काम दोन तासांचे आहे. संगणक विषयाचा शिक्षक ते शिकू शकतो, पण पहिले यंत्र निकामी झालेले, प्रयोगाचे असावे.

वीजजोडणी काढून सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे म्हणजे साठलेली वीज निघून जाते. एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नये. आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तिच्या आतील कॅपॅसिटरांत सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत दाब साठतो व तो प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतो. हाताळणाऱ्याने अंगावरील स्थिर वीज घालविण्यासाठी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला वारंवार स्पर्श करावा. मनगटी अर्थिंग पट्टा असल्यास उत्तम. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत ही काळजी अधिक घ्यावी. गालिच्यावर बसून हे काम करू नये.

जुन्या बोर्डाच्या सर्व जोडण्यांचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. समोरच्या बटणाच्या व दिव्यांच्या बारीक वायरी कोठे लावल्या होत्या हे नंतर आठवत नाही. बटणाच्या वायरीला उलटसुलट नसते, दिव्यांच्या वायरीला असते. बोर्ड काढल्यावर कॅबिनेटच्या पत्र्यावर पितळी खुंट्या दिसतील. नव्या बोर्डाच्या छिद्रांशी त्या जुळतात काय हे पाहावे आणि ज्या खुंटीवर छिद्र येत नाही ती काढून टाकावी. विसरलेली एकच खुंटी बोर्डाच्या मागील बाजूस टेकून शॉर्ट सर्किट करते. नवा बोर्ड पहिल्याच दिवशी जळण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

प्रोसेसर बोर्ड कॅबिनेटबाहेर असतानाच बसवावा. इंटेलच्या बोर्डावर सॉकेटमध्ये केसासारखे बारीक संपर्क असतात. त्यांना बोट, कापड किंवा प्रोसेसरचा कोपरा लागला तर ते वाकतात आणि खेड्यापाड्यांत सोडाच, शहरातही त्यांची दुरुस्ती दुर्मिळ आहे. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोणी खूण व कडेच्या खाचा जुळवून तो अलगद ठेवावा, दाबू नये. मग पट्टी लावावी. तरफ बंद करताना लागणारा जोर धसका बसावा इतका असतो. तो स्वाभाविक आहे. सॉकेटवरील प्लास्टिकचे झाकण या वेळी सुटून येते, ते फेकू नये. हमीच्या मुदतीत बोर्ड परत करताना उत्पादक ते झाकण लावलेले असावे अशी अपेक्षा करतात.

प्रोसेसर व त्यावरील धातूचा हीटसिंक यांमध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर लागतो. नव्या पंख्याला तो बहुधा कारखान्यातच लावलेला असतो. नसेल तर वाटाण्याहून लहान थेंब मधोमध ठेवावा. पंख्याचे चार खिळे समोरासमोरच्या जोड्यांनी बसवावेत आणि बोर्ड उलटा धरून चारही टोके पूर्ण बाहेर आली आहेत याची खात्री करावी. पंखा एका कोपऱ्यात सैल राहिला तर प्रोसेसर तापतो व स्वतःचा वेग कमी करतो. नवे यंत्र जुन्यापेक्षाही संथ असल्याची तक्रार मग येते.

वीजजोडणी दोन ठिकाणी असते, हे नवख्या हाताला अनेकदा माहीत नसते. २४ पिनांची मोठी जोडणी सर्वांना दिसते. प्रोसेसरसाठीची ४ किंवा ८ पिनांची वेगळी जोडणी बोर्डाच्या कोपऱ्यात असते. ती राहिली की पंखा फिरतो पण पडद्यावर काहीच येत नाही. दहा वर्षे चाललेला एसएमपीएस नव्या बोर्डाला जोडण्याची काटकसर करू नये, असेच मत द्यावे लागते.

यंत्र प्रथम सुरू करताना रॅमची तपासणी होत असल्याने पडदा उजळण्यास एखादा मिनिट लागू शकतो. बाराव्या पिढीचा प्रोसेसर एच६१० बोर्डावर थेट चालतो. तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा घेतल्यास बोर्डाचे बायॉस अद्ययावत आहे काय हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. त्यानंतर बायॉसमध्ये जाऊन दिनांक लावावा व टीपीएम चालू आहे हे पाहावे. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी व एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने दिसते. जुनी डिस्क तशीच लावल्यास ती बहुधा सुरू होणार नाही, कारण जुनी विंडोज एमबीआर पद्धतीने मांडलेली असते व नवे बोर्ड यूईएफआय पद्धतीनेच प्रणाली सुरू करतात. रूपांतर करण्याचे साधन विंडोजमध्ये २०१७ पासून आहे; तरीही नव्या एसएसडीवर प्रणाली नव्याने बसवून माहिती प्रतीवरून आणणे हाच स्वच्छ मार्ग. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन व बोटांचे ठसे घेणारे उपकरण यूएसबीवर चालत असल्याने ते टिकते, परंतु त्यांच्या आज्ञावली पुन्हा बसवाव्या लागतात. बोर्डाबरोबर यंत्राचा नेटवर्क क्रमांकही बदलतो. कार्यालयाच्या जाळ्यात ठरावीक क्रमांकांनाच प्रवेश असेल तर नवा क्रमांक कळविला पाहिजे.

काढलेल्या भागांची नोंद

जडवस्तू संग्रह नोंदवहीत संगणक ही एकच वस्तू म्हणून नोंद असते, आणि आतील भाग बदलल्यावर ती नोंद व प्रत्यक्ष वस्तू यांत तफावत पडते. नव्या बोर्डाचा, प्रोसेसरचा, रॅमचा व एसएसडीचा अनुक्रमांक, खरेदी दिनांक आणि हमीची मुदत त्याच नोंदीसमोर लिहून ठेवावी. काढलेल्या भागांचीही वेगळी नोंद करून ते निर्लेखन होईपर्यंत सांभाळावेत. चालू स्थितीतील डीडीआर३ रॅम त्याच पिढीच्या दुसऱ्या यंत्राला देता येते. दोन मरगळलेल्या यंत्रांतून एक चांगले यंत्र उभे राहिल्याची उदाहरणे शाळांत पुष्कळ आहेत.

बंद पडलेला बोर्ड भंगारवाल्याला किलोवर देणे योग्य नव्हे. त्यात तांबे व थोडे सोने असते, तसेच जुन्या बोर्डांच्या डाखात शिसेही असते. ते मिळविण्यासाठी बोर्ड उघड्यावर जाळले जातात किंवा आम्लात बुडविले जातात आणि त्याचा उपद्रव काम करणाऱ्यांना व आसपासच्या पाण्याला होतो. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जावा अशी त्यामागील योजना आहे. जुनी हार्ड डिस्क मात्र या कचऱ्याबरोबर तशीच देऊ नये. फॉरमॅट केल्याने तिच्यावरील माहिती पुसली जात नाही, ती केवळ यादीतून दिसेनाशी होते. संपूर्ण डिस्कवर पुन्हा लिहिणारी आज्ञावली चालवावी. डिस्क चालूच होत नसेल तर तिच्या तबकड्या कार्यालयातच, दोन साक्षीदारांसमक्ष, भोके पाडून निकामी कराव्यात आणि तसा पंचनामा फाइलला लावावा.